एका ताऱ्याच्या खाली

सायखेड्याच्या बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात फॅन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. हवा कशी लागते, आणि वाइंडिंग तांब्याचं आहे ना? तिसरा प्रश्न, वीज किती खातो, हा अलीकडे ऐकू यायला लागला आहे. त्याला उत्तर म्हणून दुकानदार खोक्यावरच्या ताऱ्यांच्या लेबलवर बोट ठेवतो. बहुतेकांना ते लेबल म्हणजे कंपनीची जाहिरात वाटते. तारे जास्त तर माल भारी, तारे कमी तर माल हलका, इतकाच अर्थ घेऊन माणूस पैसे मोजतो.

खरं तर त्या लेबलाची दोन कामं आहेत आणि दिसतं त्यातलं एकच. दिसतं ते एक ते पाच ताऱ्यांची शिडी दाखवण्याचं. न दिसणारं काम म्हणजे शिडीच्या खालचा मजलाच बंद करण्याचं. ज्या वस्तूंना लेबल सक्तीचं आहे, त्यात एक ताराही न मिळालेलं नवं मॉडेल विकताच येत नाही. सायखेड्याच्या उपबाजारात कांदा आणणाऱ्याला हा फरक पटकन कळेल. तिथे उन्हाळ कांद्याला एक भाव, गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, दुसरा. गोल्टी कितीही बारीक असली तरी कुणी ना कुणी बोली लावतोच. फॅनच्या बाबतीत सरकारनं असं ठरवलं आहे की अमुक मापाखालची गोल्टी लिलावातच यायची नाही. ग्राहक सगळे पाच ताऱ्यांविषयी बोलतात. माझ्या मते देशाची वीज जास्त वाचते ती या खालच्या बंद दरवाजानं, कारण लेबल कधीच न वाचणाऱ्या माणसालाही त्याचा फायदा मिळतो.

हा दरवाजा बंद करण्याचा अधिकार येतो ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ मधून. कायदा १ मार्च २००२ पासून लागू झाला आणि त्याच्यासोबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या हाताखाली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, उभी राहिली. कायद्यातलं कलम १४ हे या साऱ्याचं मूळ. त्यातल्या पायऱ्या क्रमानं पाहिल्या तर सरकारच्या हाताला कुठे दोर बांधला आहे तेही दिसतं. पहिली पायरी, केंद्र सरकार बीईईशी सल्लामसलत करून एखाद्या उपकरणानं किती वीज खावी याचं मानक अधिसूचनेनं ठरवतं. दुसरी, ते उपकरण कायद्याच्या यादीत घेतं. तिसरी, मानकात न बसणाऱ्या उपकरणाचं उत्पादन, विक्री, खरेदी आणि आयात यांवर बंदी घालतं. चौथी, लेबल लावायला भाग पाडतं.

पण पहिल्या पायरीवरून थेट तिसऱ्यावर उडी मारता येत नाही. मूळ कायद्यात अट होती की मानक जाहीर झाल्यापासून दोन वर्षं बंदी घालायची नाही. २०१० च्या दुरुस्तीनं ही मुदत सहा महिन्यांवर आणली. शिवाय बाजारातला हिस्सा आणि तंत्रज्ञानाची स्थिती पाहून, कारणं लेखी नोंदवून, सरकार ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. कारखान्यातले साचे, गोदामातला माल, डीलरकडे पडून असलेली खोकी, हे सगळं एका रात्रीत बदलत नाही, म्हणून ही सवड. ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर एवढा काळ जुना माल उघडपणे विकला जाणार हेही त्यातच आलं.

आता फॅनचं गणित बघू. हे नीट समजलं की बाकीच्या वस्तूंचं आपोआप समजतं.

फॅनचे तारे नुसत्या वॉटवर देत नाहीत. तसं केलं असतं तर कुणीही कमी वॉटचा, पण वाराच न देणारा फॅन बनवून पाच तारे मिळवले असते. म्हणून मोजतात ते एका वॉटमागे किती वारा मिळतो. फॅन मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो, त्याला तो खात असलेल्या वॉटनं भागायचं. या भागाकाराला सर्व्हिस व्हॅल्यू म्हणतात. १२०० मिलिमीटरच्या, म्हणजे दुकानातल्या भाषेत ४८ इंची फॅनला हा आकडा ४ असेल तर एक तारा, साडेचारला दोन, ५ ला तीन, साडेपाचला चार आणि ६ किंवा वर गेला तर पाच. शिवाय मिनिटाला किमान २१० घनमीटर हवा आलीच पाहिजे, ही वेगळी अट आहे.

मग २१० ला ४ नं भागा. उत्तर येतं साडेबावन्न. म्हणजे किमान वारा देणारा फॅन साडेबावन्न वॉटपेक्षा जास्त खात असेल तर त्याला आज बाजारात जागा नाही. २१० ला ६ नं भागलं की ३५ वॉट, ही पाच ताऱ्यांची रेषा. आपल्या घरात पंधरा वर्षांपूर्वी लावलेला फॅन साधारण ७५ वॉटचा असतो. तो तेवढाच वारा देत असेल तर त्याचा आकडा येतो २.८. आजच्या मापानं त्याला शून्य तारे. असा फॅन फिरत राहील, फिरू द्या, पण नवा म्हणून कुणी विकू शकत नाही.

जुन्या तक्त्यात, लेबल ऐच्छिक होतं तेव्हा, सर्व्हिस व्हॅल्यू ४ झाली की पाच तारे मिळत. तोच ४ चा आकडा आता एका ताऱ्याची पायरी झाला आहे. म्हणून जुन्या फाइव्ह स्टार फॅनचं कौतुक ऐकलं की तो कोणत्या सालातला हे विचारावं.

छताचा फॅन सक्तीच्या यादीत आला १ जानेवारी २०२३ ला. कायदा २००१ चा. लेबलची योजना २००६ ला सुरू झाली. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी, ट्यूबलाइट आणि वीज वितरणाचे ट्रान्सफॉर्मर यांना २०१० मध्येच सक्ती झाली. ज्या वस्तूशिवाय एकही घर नाही ती मात्र पुढची तेरा वर्षं ऐच्छिक राहिली, आणि ऐच्छिक म्हणजे व्यवहारात बिनताऱ्याची. याला कारणं होती. एक एसी दीड किलोवॉटच्या आसपास ओढतो, त्यामुळे आधी तो पकडणं सोपं आणि फायद्याचं. फॅन बनवणारे लहान कारखाने असंख्य, आणि फॅनचा ग्राहक शंभर रुपयांच्या फरकासाठी दुकान बदलतो. तरीही हा क्रम मला उलटा वाटतो. एसीवाल्याला विजेचं बिल परवडतं, म्हणून तर त्यानं एसी घेतला.

पाच ताऱ्यांसाठी लागतो तो बीएलडीसी फॅन. त्याच्या रोटरवर कायमचं चुंबक असतं आणि वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं. साध्या फॅनच्या मोटरमध्ये रोटरमधला प्रवाह वीज खर्चूनच निर्माण करावा लागतो आणि त्यातला बराच भाग उष्णता होऊन जातो. फॅन बंद केल्यावर मोटरला हात लावला तर चटका जाणवतो तो याचाच. एक ताऱ्याचा फॅन मात्र जुन्या पद्धतीनंही बनतो. जास्त तांबं, बरं पोलाद, पात्यांचा नीट आकार, एवढ्यानं साडेबावन्न वॉटच्या आत येता येतं. सरकारनं तळरेषा ३५ वॉटवर न ठेवता तिथे का ठेवली, याचं उत्तर इथे आहे. साधा फॅन बाजारातून पूर्ण उठला असता आणि स्वस्तात स्वस्त फॅनची किंमत एकदम हजार-दीड हजारानं चढली असती.

बिलावर याचा काय परिणाम होतो? ७५ वॉटच्या जागी ३० वॉटचा फॅन आला तर ४५ वॉट वाचतात. रोज बारा तास, महिन्याचे तीस दिवस धरले तर एका फॅनमागे १६ युनिटच्या थोडं वर. तीन फॅन बदलले तर साधारण ४८ युनिट. आता महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिट एका दरानं, त्यापुढे ३०० पर्यंत दुसऱ्या, आणि हा दुसरा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो. वाचलेली युनिटं नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतात. उन्हाळ्यात १४० युनिट जाळणारं घर तीन फॅन बदलून ९२ च्या आसपास आलं, तर महागडा टप्पा पुसलाच गेला. अशा घरात जास्तीची किंमत वर्षभरात निघू शकते. ज्याचं बिल मुळातच ५० युनिटचं आहे त्याला दोनेक वर्षं थांबावं लागतं, कारण त्याची वाचलेली युनिटं स्वस्त टप्प्यातली असतात. म्हणजे जितकं घर गरीब, तितका तारा उशिरा पावतो. लेबलवर हे लिहिलेलं नसतं.

हेच गणित वीजकेंद्राच्या बाजूनं केलं तर आकडे मोठे होतात. गोदावरीच्या वरच्या अंगाला एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथे २१० मेगावॉटचे संच आहेत. एक संच म्हणजे प्रत्येकी ४५ वॉट वाचवणारे सुमारे ४७ लाख फॅन. तारांमधली गळती यात धरलेली नाही. ती धरली तर आणखी कमी फॅन पुरतील.

फॅनबद्दल दोन गोष्टी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही. तो काढून थेट जोडणी घ्यावी लागते आणि वेग रिमोटनं बदलावा लागतो. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. साध्या फॅनचा कंडेन्सर गेला तर गावातला वायरमन थोडक्या पैशांत बदलून देतो. बीएलडीसीचं सर्किट बोर्ड जळलं तर बहुधा ते आख्खं बदलावं लागतं. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात हा प्रश्न छोटा नाही. उलट बाजूही सांगायला हवी: संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साधा फॅन रेंगाळतो, बीएलडीसी बराच काळ आपला वेग धरून राहतो, आणि इन्व्हर्टरवर तो दुप्पट वेळ चालतो. ताऱ्यांच्या मोजमापात यातलं काहीच येत नाही. चाचणी होते ठरलेल्या व्होल्टेजला, प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या नगावर.

एखाद्या वस्तूची रेषा कुठे आखायची हे बीईईच्या तांत्रिक समितीत ठरतं. तिथे उत्पादक असतात, प्रयोगशाळा असतात, तज्ज्ञ असतात. बाजारात सध्या काय विकलं जातं, रेषा वर नेली तर किती मॉडेलं बाद होतील, किंमत किती चढेल, यावर घासाघीस होते. मग मसुदा, हरकती, राजपत्रातली अधिसूचना. पुढे कंपनी प्रत्येक मॉडेल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेते, अहवाल बीईईकडे पाठवते आणि परवानगी मिळाल्यावर लेबल छापते. सुरुवातीचा आकडा कंपनीनंच दिलेला असतो. बीईई नंतर बाजारातून नग उचलून तपासते. पहिल्या चाचणीत नापास झालं तर दुप्पट नमुने घेऊन पुन्हा चाचणी, आणि तीही चुकली तर परवानगी जाऊ शकते.

काही वर्षांनी रेषा वर सरकते. एसीचं उदाहरण घ्या. वर्षभरात १६०० तास चालेल असं धरून, वेगवेगळ्या बाहेरच्या तापमानांत त्यानं एका युनिटमागे किती थंडावा दिला, याचा आकडा काढतात. स्प्लिट एसीला २०१८ मध्ये हा आकडा ४.५ असला की पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून ५ लागायला लागले. त्यामुळे कालचा पाच ताऱ्यांचा एसी आज चार ताऱ्यांचा झाला, यंत्रात एक स्क्रूही न बदलता. युरोपात याच्या उलट केलं गेलं. तिथे रेषा न सरकवता वर नव्या पायऱ्या जोडत गेले, ए च्या पुढे ए प्लस, मग तीन प्लसपर्यंत. शेवटी सगळीच यंत्रं प्लसवाली झाली आणि मार्च २०२१ मध्ये अनेक वस्तूंना पुन्हा साध्या ए ते जी श्रेणीवर आणावं लागलं. आपली पद्धत ग्राहकाला गोंधळात टाकते खरी, पण तारा स्वस्त होऊ देत नाही.

एसीच्या बाबतीत सरकार यंत्राच्या आतही शिरलं आहे. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर यायला हवा. रिमोट हातात आहे तोवर तुम्ही तो १८ वर नेऊ शकता, म्हणून याला बंधन म्हणणं जास्तच होईल. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार जाहीर केला. ते खरंखुरं बंधन ठरलं असतं. डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला घसरलेला पारा बातम्यांत येतो त्या सायखेड्याच्या निफाड तालुक्यात या वादाला वर्षातले थोडेच महिने अर्थ आहे.

इथे हिवाळ्यातला खरा खर्च आहे पाणी तापवण्याचा, आणि गीझरच्या ताऱ्यांबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. साठवणीच्या गीझरमधली कॉइल जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलते, मग तारा एक असो की पाच. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला पाऊण युनिटच्या जरा वर वीज लागणारच, भौतिकशास्त्राला सवलत मागता येत नाही. तारे मोजतात ते तापलेलं पाणी टाकीत उभं असताना किती उष्णता बाहेर पळते, म्हणजे आवरणाचा दर्जा. सकाळी अर्धा तास लावून लगेच आंघोळी उरकणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा फायदा किरकोळ. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्याला तो भरपूर. पाण्यात बुडवायच्या हीटर रॉडला तारे नाहीत, इस्त्रीलाही नाहीत. अंगणातल्या बंबाचा तर प्रश्नच नाही.

फ्रिजचं लेबल वाचायला सर्वांत सोपं, कारण त्यावर वर्षाची युनिटं थेट छापलेली असतात. त्याला बारानं भागलं की महिन्याचा अंदाज. ताऱ्यांपेक्षा तो आकडा बघावा. मोठ्या फ्रिजला त्याच्या आकारमानानुसार जास्त युनिटांची मुभा असते, त्यामुळे पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या छोट्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

आता या अधिकाराच्या सीमा. महाराष्ट्र सरकारला वाटलं की राज्यात फॅनची रेषा आणखी वर न्यावी, तर कलम १४ त्याला तो हक्क देत नाही. मानक ठरवणं केंद्राच्या हाती. राज्याकडे अंमलबजावणी येते. महाराष्ट्रात ते काम महाऊर्जा या संस्थेकडे आहे. दंडाचा निर्णय तर राज्य वीज नियामक आयोगाचा सदस्य करतो, म्हणजे विजेचे दर ठरवणारी संस्थाच. दंड मूळ कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत होता. कंपनीला तो चहापाण्याचा खर्च. २०१० मध्ये तो दहा लाखांपर्यंत नेला.

रेषा खाली आणायची झाली तर? अमेरिकेत घरगुती उपकरणांच्या मानकांचा कायदा १९७५ चा, आणि १९८७ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट अट आली की एकदा ठरलेलं मानक सरकारनं नंतर सैल करायचं नाही. २०२५ मध्ये तिथल्या ऊर्जा खात्यानं बरेच नियम मागे घेण्याचे प्रस्ताव मांडले तेव्हा सारा वाद या अटीपाशी येऊन थांबला. आपल्या कलम १४ मध्ये अशी अट लिहिलेली नाही. आजवर रेषा वरच गेली, ती कायद्यानं बांधल्यामुळे नव्हे. मला ही उणीव वाटते. उद्योगाला सवड देण्याची मुदत कायद्यात महिन्यांसकट लिहिली आहे, ग्राहकाला मिळालेलं टिकवण्याची हमी नाही.

आणि शेवटची सीमा वस्तूच्या वयाची. कलमात खरेदी हा शब्द असला तरी व्यवहारात सगळी तपासणी नव्या मालाची होते. जुना फ्रिज हातोहात विकला, जळालेल्या फॅनचं वाइंडिंग पुन्हा भरून घेतलं, तर कुणी विचारत नाही. सायखेडा आणि चांदोरी ही गोदाकाठची पूरग्रस्त गावं. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये घरा-दुकानांत पाणी शिरलं, तसं झालं की मोटरी, फ्रिज, मिक्सर चिखलातून काढावे लागतात. वाइंडिंग भरताना तारेची जाडी किंवा वेढे बदलले, तर फॅन फिरतो पण पूर्वीपेक्षा जास्त वीज खातो. घर उभं करायची घाई असलेल्या माणसाकडे अशा वेळी सर्व्हिस व्हॅल्यू बघायला सवड नसते, आणि तशी अपेक्षा करणंही क्रूर आहे. नुकसानभरपाईच्या यादीत कमी विजेच्या फॅनची तरतूद ठेवता येईल. पण ते ऊर्जा कायद्याचं काम नाही, मदत आणि पुनर्वसन खात्याचं आहे.

नवा माल घेताना मात्र तपासणी दोन मिनिटांची आहे. लेबलवर ताऱ्यांशिवाय मॉडेल क्रमांक, उत्पादनाचं वर्ष आणि लेबल कोणत्या मुदतीसाठी वैध आहे ते छापलेलं असतं. आधी मुदत बघावी. जुन्या तक्त्यातले तारे दाखवून माल खपवण्याची शक्यता इथेच पकडली जाते. मग बीईईच्या स्टार लेबल ॲपवर तोच मॉडेल क्रमांक टाकावा. यादीत तो नसेल, किंवा खोक्यावरच्या आणि ॲपमधल्या ताऱ्यांत फरक असेल, तर दुकानदाराकडून दुसरं मॉडेल मागून घ्यावं. घेतलेल्या वस्तूच्या बिलावर नुसतं फॅन एक नग असं न लिहिता मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, कारण पुढे तक्रार ग्राहक आयोगापर्यंत गेली तर लेबल आणि बिल एकाच वस्तूचं आहे हे त्या क्रमांकावरूनच सिद्ध होतं.